फुगणारी माती : पायाचा खर्च समजून घेताना



आदिवासी पाड्यावर बालवाडीची एक खोली, चार शौचालये किंवा एखाद्या कुटुंबाचे घरकुल उभे करायचे ठरले, की हिशोबाच्या कागदावरचा एक आकडा नेहमी खटकतो. विटा, सिमेंट, पत्रे यांचा खर्च समजतो. पण जमिनीखाली जाणाऱ्या आणि उद्घाटनाच्या फोटोत कधीच न दिसणाऱ्या पायासाठी एवढे पैसे का? खोली तर एकमजलीच आहे! देणगी देणाऱ्याने हा प्रश्न विचारणे अगदी रास्त आहे. त्याचे खरे उत्तर मात्र कंत्राटदाराच्या वहीत सापडत नाही, ते मातीत आहे. आपल्या महाराष्ट्रातील काळ्या मातीत एक असा घटक आहे जो पाणी पिऊन फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. तो नीट ओळखला तर पाणी अडवतो, पीक पोसतो. न ओळखता त्यावर घर बांधले तर भिंत फाडतो. या अंकात त्या मातीची ओळख करून घेऊ.

नाव कुठून आले?

फुगणाऱ्या नैसर्गिक मातीचे जगभर चालणारे व्यापारी नाव आहे बेंटोनाइट. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात सापडलेल्या अशा मातीला विल्बर नाइट या भूशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये हे नाव दिले. तेथील ‘बेंटन’ नावाच्या खडकांच्या थरावरून ते आले, आणि त्या थराचे नाव फोर्ट बेंटन या ठिकाणावरून. त्याआधी वर्षभर त्याने या मातीला वेगळेच नाव दिले होते, पण ते दुसऱ्या एका खनिजासाठी आधीच वापरात असल्याचे कळल्यावर ते बदलावे लागले.

बेंटोनाइटमधील मुख्य खनिजाचे नाव त्याहून जुने आहे. फ्रान्समधील माँमोरियाँ गावाजवळ ते सापडले, म्हणून १८४७ मध्ये त्याला माँटमोरिलोनाइट असे नाव मिळाले. नाव जड आहे, पण एकदा लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढची सारी कथा याच खनिजाची आहे. ते आणि त्याची भावंडे मिळून जो गट होतो त्याला स्मेक्टाइट म्हणतात.

माती कशी तयार झाली हे कोडे १९२६ मध्ये बरेचसे सुटले. रॉस आणि शॅनन या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की बेंटोनाइट म्हणजे ज्वालामुखीची राख असून, ती पाण्यात साचून काळाच्या ओघात बदलली आहे. राखेतील काचेसारखे कण पाण्याच्या सहवासात विरघळतात आणि त्यांच्या घटकांतून या मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे घडतात.

भारतात बेंटोनाइटच्या खाणी मुख्यतः राजस्थानातील बाडमेर आणि गुजरातमधील कच्छ, भावनगर या भागांत आहेत. महाराष्ट्र त्यासाठी प्रसिद्ध नाही. पण म्हणून आपण या मातीपासून दूर आहोत असे समजू नका. आपण तिच्यावरच उभे आहोत.

आपली काळी माती त्याच घराण्यातली

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हाचे लोट बाहेर आले. एकावर एक थर साचत गेले. त्यातून जो काळा पाषाण तयार झाला तो बेसाल्ट, आणि या साऱ्या प्रदेशाला दख्खन ट्रॅप म्हणतात. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्री त्याचाच, आणि आपल्या पायाखालचा खडकही त्याच काळातला.

बेसाल्टमध्ये सिलिका, अ‍ॅल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम भरपूर असते. ऊनपावसाने हा खडक कुजतो तेव्हा पुढे कोणती माती होणार, हे पाण्याच्या निचऱ्यावर ठरते. डोंगरउतारावर, जेथे मुसळधार पाऊस पडतो आणि पाणी झरझर वाहून जाते, तेथे सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातात. मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरते. ती माती तांबडी असते व फारशी फुगत नाही. याउलट सखल जागी, दऱ्याखोऱ्यांच्या तळाशी किंवा कमी पावसाच्या पठारावर हे घटक जागच्या जागी राहतात आणि त्यांतून माँटमोरिलोनाइट तयार होते. हीच आपली काळी माती.

म्हणून जव्हार-मोखाड्याच्या माळावर वरकस तांबडी जमीन दिसते, आणि तेथून खाली उतरून सखल भागात आलो की भाताची काळी खाचरे लागतात. एकाच गावात दोन पाड्यांची माती वेगळी असू शकते. नंदुरबार जिल्ह्यात हा फरक आणखी ठळक आहे. सातपुड्याच्या उतारावर भिल्ल-पावरा वस्त्यांत मुरमाड, उथळ जमीन आहे, तर खाली शहादा-तळोद्याकडे तापीच्या खोऱ्यात खोल काळी जमीन आहे. विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यातही अशीच खोल काळी जमीन आहे.

काळी माती म्हणजे शुद्ध बेंटोनाइट नव्हे. तिच्यात वाळू, गाळ, चुनखडी असे बरेच काही मिसळलेले असते. पण तिच्यातील चिकण भागात या फुगणाऱ्या खनिजाचेच प्राबल्य असते, आणि स्वभाव तोच ठरवतो. रंगावरून मात्र फसू नये. काळा रंग पाहून तिच्यात भरपूर सेंद्रिय कर्ब असेल असे वाटते, पण पुष्कळ काळ्या जमिनींत तो १ टक्क्याहूनही कमी असतो. शुद्ध बेंटोनाइट तर पांढरट, राखाडी, पिवळसर किंवा हिरवट असू शकते.

आत काय आहे?

घडीच्या पोळीचे पदर आठवा. माँटमोरिलोनाइटचा प्रत्येक कण अशाच पदरांचा बनलेला असतो. एका पदराची रचना तीन थरांची असते. वर आणि खाली सिलिका, मध्ये अ‍ॅल्युमिना. हा तिहेरी पदर इतका पातळ असतो, की असे १० लाख पदर एकावर एक ठेवले तर जेमतेम १ मिलिमीटर जाडी होईल. वजनाने पाहिले तर बेंटोनाइटमध्ये निम्म्याहून अधिक सिलिका आणि साधारण पाचवा-सहावा हिस्सा अ‍ॅल्युमिना असते. शिवाय थोडे मॅग्नेशियम, लोह आणि पाणी असतेच.

पदराच्या मधल्या थरात काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. दोघांचा विद्युतभार सारखा नाही. त्यामुळे पूर्ण पदराला थोडा ऋणभार येतो. तो भरून काढण्यासाठी दोन पदरांच्या मधल्या फटीत सोडियम किंवा कॅल्शियमचे धनभारित कण येऊन बसतात. हे कण पाण्याला ओढून घेतात. पाणी फटीत शिरते, पदर एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. ऊन लागले, पाणी उडाले, की पदर पुन्हा जवळ येतात आणि माती आक्रसते. भेगा पडतात त्या यामुळेच.

सगळी चिकणमाती अशी नसते. चिनी मातीच्या भांड्यांसाठी वापरतात ते केओलिन पाहा. त्याचे पदर एकमेकांना घट्ट धरून असतात. मध्ये पाणी शिरू शकत नाही, म्हणून ते फारसे फुगतही नाही.

पदर उघडे असल्यामुळे माँटमोरिलोनाइटचा पृष्ठभाग प्रचंड असतो. अवघ्या १ ग्रॅममध्ये आतले-बाहेरचे सगळे मिळून ७०० ते ८०० चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर मातीत सुमारे ८,००० चौरस फूट जागा! आपल्या भाईंदर पूर्वेकडील ४०० चौरस फुटांची २० घरे त्यात मावतील. एवढ्या जागेवर पाणी चिकटून राहते, आणि पिकाला लागणारे पोटॅश, अमोनिया, कॅल्शियमही. काळी जमीन कसदार आणि ओल धरणारी असते, ती या कारणाने.

सोडियम की कॅल्शियम?

फटीत कोणता कण बसला आहे यावर मातीचा स्वभाव बदलतो. कॅल्शियम असेल तर तो पदरांना काही अंतरावर धरून ठेवतो, माती बेताने फुगते. सोडियम असेल तर पकड सैल पडते. चांगले सोडियम बेंटोनाइट गोड्या पाण्यात आपल्या मूळ आकारमानाच्या १२ ते १५ पट फुगू शकते.

भाईंदरमध्ये उंच इमारतीचे पाइलिंग चालू असते तेथे राखाडी, साबणासारखे बुळबुळीत पाणी भरलेले हौद दिसतात. ते बहुधा बेंटोनाइटचेच पाणी असते. खोदलेल्या भोकात ते भरले, की भोकाच्या भिंतीवर त्याची पातळ साय धरते आणि बाजूची माती ढासळत नाही. ढवळले की ते पातळ होते, स्थिर ठेवले की दह्यासारखे घट्ट धरते. नंतर तळापर्यंत सोडलेल्या नळीतून काँक्रीट खालून वर भरत येते आणि हे पाणी बाहेर ढकलले जाते.

खाडीतली गोष्ट मात्र वेगळी आहे. उल्हास नदी डोंगरातून आणि मैदानातून आणलेली बारीक चिकणमाती वसईच्या खाडीत सोडते. गोड्या पाण्यात हे कण सुटे तरंगत असतात. खारे पाणी मिळताच ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. तिवरांखालचा काळा चिखल असाच साचला. याच मातीचा तळ तुडवून, चोपून घट्ट केला, म्हणून मिठागरातले खारे पाणी जमिनीत न मुरता उन्हात आटते आणि मीठ मिळते. पालघर, डहाणूकडून हंगामी कामासाठी मिठागरांवर येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या कित्येक पिढ्यांनी ही माती पायांनी ओळखली आहे.

येथे एक फरक लक्षात घेऊ. खाडीकाठची माती बारमाही ओली असते. त्यामुळे ती दर वर्षी फुगण्या-आक्रसण्याचा खेळ करत नाही. तिचा त्रास दुसरा, ती मऊ असते आणि भाराखाली दबते. जुन्या इमारतींच्या आवारातील फरशा खचतात त्या बहुधा यामुळे. पाड्यांवरची काळी माती मात्र चार महिने भिजते आणि आठ महिने वाळते. तेथे त्रास फुगण्याचा आणि आक्रसण्याचा आहे.

शेतकऱ्याची सोबतीण

पालघर जिल्ह्यात आवणीच्या आधी खाचरात चिखलणी करतात. नांगर फिरवून माती आणि पाणी एकजीव केले, की फुगलेले पदर सगळ्या फटी बुजवतात आणि पाणी खाचरात उभे राहते. भात उभे राहते ते या बंद झालेल्या तळावर. भातकापणीनंतर त्याच ओलीवर वाल, हरभरा येतो, पाण्याची एकही पाळी न देता.

सोलापूर, अहिल्यानगरकडे रब्बी ज्वारी अशाच साठलेल्या ओलीवर पोसली जाते. मात्र माती वाळू लागली, की भेगा पडून आतली ओल उडते. म्हणून तेथील शेतकरी वेळच्या वेळी कोळपणी करून भेगा बुजवतो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे म्हणतात ते उगाच नाही. भेगांचा एक फायदाही आहे. वरची भुसभुशीत माती उन्हाळ्यात भेगांत पडते, पावसात आतली माती फुगून वर येते. अशी ही जमीन हळूहळू स्वतःलाच नांगरत असते.

समुद्राचे पाणी शेतात शिरले तर मात्र हाच गुण उलटतो. फटीत सोडियम भरते. पुढच्या पावसात मीठ धुऊन जाते, पण सोडियम मागे राहते. मग माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी कठीण होते. जिप्सम टाकून सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवणे आणि नंतर गोड्या पाण्याने जमीन धुऊन निचरा करणे हा त्यावरचा उपाय. खाडीकाठी शेताचे बांध फुटू न देणे त्यासाठीच महत्त्वाचे असते.

पाणी अडवण्याच्या कामात ही माती सोन्यासारखी आहे. माती नालाबांध बांधताना गाभ्यात काळी माती चोपून भरतात आणि दोन्ही बाजूंनी मुरमाचे आवरण देतात. गाभा पाणी अडवतो. मुरूम गाभ्याला झाकून ठेवतो, त्याला वाळून भेगळू देत नाही आणि बांधाला बळकटी देतो. गाभ्याखाली चर खोदून तोही काळ्या मातीने भरावा लागतो, नाहीतर पाणी बांधाच्या खालून निघून जाते. ‘जवळच काळी माती आहे, सगळा बांध तिचाच घालू’ असे कोणी म्हणाले तर मान्य करू नये. उन्हाळ्यात त्याला भेगा पडतील आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्याच भेगांतून वाट काढेल.

वीट आणि भिंत

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, वसई, वाडा भागातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मजुरी हजार विटांवर मोजली जाते. फुगणारी माती विटेसाठी फार वाईट. साच्यातून काढलेली ओली वीट वाळताना आक्रसते आणि तडकते. म्हणून गाऱ्यात राख किंवा भाताचा तूस मिसळावा लागतो. तो नीट मिसळला नाही तर तडकलेली वीट म्हणजे नवरा-बायकोचे आणि बरोबर राबणाऱ्या मुलांचे वाया गेलेले श्रम. मातीचा एक गुणधर्म माणसाच्या घामाशी असा जोडलेला असतो.

आता घराकडे येऊ. वारली आणि कातकरी बांधवांचे जुने घर कुडाचे असते. जमिनीत रोवलेले लाकडी खांब, कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. हे घर हलके असते आणि लवचीकही. खालची जमीन बोटभर वर-खाली झाली तरी कूड थोडा वाकतो. लेपाला तडा गेला तर सणाच्या आधी घरची बाई पुन्हा सारवते. या घराला गरीब म्हणून हिणवण्यापूर्वी ते या मातीला किती साजेसे आहे हेही पाहावे.

शबरी आदिवासी घरकुल योजनेतून किंवा देणगीतून आपण जेव्हा विटांचे पक्के घर देतो, तेव्हा जड आणि ताठ वस्तू त्याच जमिनीवर ठेवतो. वीटकाम वाकत नाही, ते फाटते. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती वाळून खाली बसते, मधली मात्र ओलसर राहते. पावसात कडेची माती आधी फुगते. घराच्या कडा अशा दर वर्षी वर-खाली होतात, आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. काही काळ्या मातींचा फुगण्याचा दाब चौरस मीटरला २० टनांच्याही पुढे मोजला गेला आहे. एकमजली घराचा भार त्यापुढे काहीच नाही. म्हणजे घर लहान आणि हलके आहे म्हणून पाया स्वस्तात उरकावा, हे गणित या मातीत उलटे पडते. हलक्या घरालाच माती सहज उचलते.

उपाय कोणते?

पहिला उपाय सर्वांत साधा. काळी माती एखाद-दीड मीटरच असेल आणि खाली पक्का मुरूम लागत असेल तर ती सगळी काढून मुरमावर पाया बसवावा. पालघरमधील पुष्कळ जागी एवढ्याने काम भागते.

माती खूप खोल असेल तर दुसरा उपाय. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने (सीबीआरआय) आपल्या काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर गोळा असलेले काँक्रीटचे खांब विकसित केले. खांब साधारण साडेतीन मीटर खोल जातो, कारण ऋतूनुसार होणारा ओलीचा बदल बहुधा त्याच्या वरच्या भागात असतो. तळाचा गोळा खांबाच्या जाडीच्या सुमारे अडीचपट रुंद असतो आणि नांगरासारखा घर धरून ठेवतो. खांबांवरील तुळई जमिनीला टेकू न देता खाली थोडी पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तरी तुळई उचलली जात नाही.

तिसरा उपाय आपल्या शेजारच्या पवईचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवले, की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा साधारण मीटरभर थर दाबून बसवला, तर खालच्या मातीची फुगण्याची हालचाल बरीच आटोक्यात राहते. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यावर ही पद्धत वापरली गेली. योग्य प्रकारचा चिकट मुरूम या कामी येतो. नुसती वाळू भरून हा परिणाम मिळत नाही.

यांशिवाय काही गोष्टी जवळजवळ फुकटात करता येतात :

• पायातून खणून काढलेली काळी माती जोत्यात भरू नये. तेथे मुरूमच भरावा. ही चूक फार होते आणि फरशी वर्षभरात उचलली जाते.
• पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नये. घराभोवती दीड-दोन मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा करावा.
• हात धुण्याचा नळ, मोरीचे पाणी भिंतीला लागून मुरू देऊ नये.
• मोठी वाढणारी झाडे भिंतीपासून दूर लावावीत. मुळे एका बाजूची ओल ओढतात आणि घर त्या बाजूला बसते.
• जोते आणि खिडक्या-दारांवरील पातळीवर सळईचे काँक्रीट पट्टे सलग द्यावेत.
• दोन खड्ड्यांच्या शौचालयात खड्ड्याच्या भिंतीभोवती साधारण एक फूट वाळू-खडीचा थर भरावा. भिजून फुगलेली काळी माती पाणी शोषत नाही. हा थर नसेल तर पावसाळ्यात खड्डा तुंबतो, आणि मग लोक शौचालय वापरत नाहीत असा दोष त्यांच्यावरच येतो.

माती ओळखण्याची सोपी चाचणी

उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात का, हे गावातल्या जाणत्या माणसाला विचारणे ही पहिली चाचणी. दुसरी थोडी शास्त्रीय. जागेवरील पायाच्या खोलीवरची माती वाळवून, कुटून, बारीक चाळून घ्यावी. मोजपट्टीच्या दोन सारख्या काचेच्या नळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम माती टाकून एकीत शुद्ध पाणी आणि दुसरीत रॉकेल १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरावे. हवेचे बुडबुडे ढवळून काढावेत आणि २४ तास ठेवावे.

रॉकेल पदरांच्या फटीत शिरून माती फुगवत नाही. पाणी फुगवते. रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसली आणि पाण्यात १५ पर्यंत, तर फुगवटा ५० टक्के झाला. पाण्यात २० पर्यंत गेली तर १०० टक्के. भारतीय मानकातही हीच चाचणी दिलेली आहे. फुगवटा ५० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण पाया चालतो. त्यापुढे गेला तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा, आणि १०० च्या पुढे गेला तर सल्ल्याशिवाय कुदळही मारू नये. ही चाचणी एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. आपल्या मंडळीतील विज्ञान शिक्षकांना आणि तरुणांना हे काम आनंदाने जमेल.

देणगी देताना काय विचारावे?

बांधकामासाठी मदत मागणारा कागद हाती आला, की ‘पायावर एवढा खर्च का?’ याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. जागेवर खड्डा खणून माती पाहिली का? किती खोलीवर मुरूम किंवा खडक लागला? जोत्यात काय भरणार? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर अंदाजपत्रक कमी रकमेचे असले तरी ते महाग पडेल. पाचव्या वर्षी फाटलेली भिंत दुरुस्त करायला कोणी देणगी देत नाही, आणि ती दुरुस्ती त्या कुटुंबाच्या आवाक्यातली नसते. कुडाच्या घराची भेग शेणमातीने बुजते. विटांच्या घराची बुजत नाही. पक्के घर देताना आपण त्या कुटुंबाची स्वतः डागडुजी करण्याची सोय काढून घेत असतो, म्हणून ते घर टिकेल याची जबाबदारी आपल्यावर येते.

दोन घरे बांधणाऱ्यांचा दृष्टांत आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात खडक आणि वाळू यांतला फरक सांगितला आहे. लूकच्या शुभवर्तमानात आणखी एक बारकावा येतो. शहाणा माणूस खडक लागेपर्यंत खोल खणत गेला. खणण्याचे ते कष्ट आणि तो खर्च घर पूर्ण झाल्यावर कोणालाही दिसत नाही. पाड्यावरच्या बालवाडीसाठी आपण दिलेल्या पैशातला मोठा हिस्सा असाच जमिनीखाली जाईल. पुढच्या वेळी हिशोबाचा कागद पाहताना तो आकडा कमी करायला सांगण्याआधी, मातीची चाचणी झाली आहे का, एवढे जरूर विचारा.